“परवाना दाखवा” म्हणजे नेमका कोणता? विश्रामबागच्या फाटकावर अडलेली हळद

हे प्रकरण अभ्यासासाठी मांडलं आहे. यातली सोसायटी, बचत गट आणि माणसं काल्पनिक आहेत. कायदे, कागद आणि अडचणी मात्र दारोदार माल विकणाऱ्या कुणालाही सांगलीत गाठतील अशाच आहेत.

मे महिना, सकाळचे अकरा. वर्षाची हळद-तिखट भरून ठेवायचे दिवस. माधवनगरच्या एका महिला बचत गटातल्या चौघी विश्रामबागेतल्या चाळीस फ्लॅटच्या सोसायटीच्या फाटकावर आल्या. त्यांच्याकडे अर्ध्या किलोची हळदीची २४ पाकिटं, पाव किलोची कांदा-लसूण चटणीची ३० पाकिटं आणि पाच किलोचा स्टीलचा डबा होता. डब्यात सुटी हळदपूड आणि वर घरगुती स्प्रिंगचा काटा. एकूण साडेचोवीस किलो माल, दोन पिशव्यांत आणि डोक्यावर.

“दादा, ३०२ च्या वहिनींनी बोलावलंय.”

वॉचमनने ३०२ ला फोन लावला, होकार आला, वहीत नोंद करून दोघींना आत सोडलं. उरलेल्या दोघी मागोमाग आत शिरल्या. ३०२ मधली विक्री झाल्यावर चौघींनी तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या बेल वाजवल्या. सेक्रेटरी खाली आले आणि “परवाना दाखवा” म्हणाले. बायकांनी तीन कागद काढले: उद्यम नोंदणी, शॉप अ‍ॅक्टची पावती आणि ग्रामपंचायतीचा दाखला. सेक्रेटरींना एकही पटेना, बायका जायला तयार नव्हत्या, आवाज चढले. एकाने जिन्यावरून फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं “संशयित महिला, सावध राहा”. दुसऱ्याने ११२ लावला. पोलीस आले, नावं-पत्ते घेतले आणि बाहेर जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर चौघींनी शंभर फुटी रस्त्याच्या कडेला झाडाखाली पिशव्या मांडल्या. तासाभरात अतिक्रमण पथकाची गाडी आली आणि डबा व काटा घेऊन गेली. बायकांनी यादी मागितली नाही, पथकानेही आपणहून दिली नाही.

प्रश्न कुठे चुकला

“परवाना आहे का?” हा प्रश्न त्या दिवशी चार जणांनी विचारला आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा कागद होता. दारोदार विक्रीसाठी, सगळीकडे चालेल असा एकच परवाना आपल्याकडे नाही. रस्त्यावर उभं राहण्याचा हक्क एका कायद्यातून येतो, माल विकण्याचा दुसऱ्यातून. फाटकाच्या आत येण्याची मुभा सोसायटी देते. उंबरठ्यावर बोलायचं की नाही, हे घरातलं माणूस ठरवतं. यातल्या एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. त्या दिवशी चौघींकडे पक्की मुभा एकच होती, ३०२ ची.

त्यांनी दाखवलेले कागद खोटे नव्हते, जागा चुकीची होती. उद्यम नोंदणी उद्योगाचा आकार सांगते, विकण्याची परवानगी देत नाही. शॉप अ‍ॅक्टची पावती आस्थापनेची असते. २०१७ च्या कायद्यात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर नुसती सूचना पुरते, आणि ती सूचना दिल्याची ही पोच. ग्रामपंचायतीचा दाखला बाई कुठल्या हे सांगतो. माधवनगर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे, विश्रामबाग आत. त्यामुळे शहरातल्या रस्त्यावर त्या दाखल्याचा उपयोग ओळखीपुरता. एका रहिवाशाने जीएसटी नंबरही मागितला. फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय आणि विक्री राज्याच्या आत असेल तर तो लागत नाही. दहा बायकांचा गट त्या आकड्याच्या जवळपासही नव्हता.

डब्यातली हळद

खरी कायदेशीर चूक डब्यात होती, आणि ती कुणाच्याच लक्षात आली नाही.

सांगलीचं गिऱ्हाईक हळद बघून घेतं. चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडायची, रंग किती चढतो ते बघायचं, वास घ्यायचा. ज्या गावाच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जिथे हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली, तिथे हे स्वाभाविकच. म्हणून गटाने डबा ठेवला होता, समोर काढून समोर तोलून द्यायला. पण अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विक्री-निर्बंध नियमांनुसार दळलेला मसाला बंद पाकिटाशिवाय विकताच येत नाही. पूड सुटी असली की भेसळ ओळखू येत नाही आणि ती कोणाची हेही कळत नाही. हळदीच्या पुडीत शिशाचा पिवळा रंग मिसळल्याची प्रकरणं हा नियम किती गरजेचा आहे ते सांगतात. अख्खं हळकुंड सुटं विकता येतं, पूड नाही. गिऱ्हाइकाला जी गोष्ट सर्वांत विश्वासाची वाटते, नेमकी तीच नियमात बसत नाही.

काट्याचीही तीच गत. स्वयंपाकघरातला स्प्रिंगचा काटा व्यापाराच्या मापासाठी चालत नाही. वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, म्हणजे वैध मापन शास्त्र विभागाची, पडताळणी आणि शिक्का असलेलाच काटा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घ्यावी लागते. पाकिटं घरी भरताना वापरलेल्या काट्यालाही हाच नियम आहे, हे बहुतेक गटांच्या लक्षात येत नाही. “आम्ही दारात तोलत नाही” एवढ्याने सुटका होत नाही.

मग पाकिटं. गटाची अन्न नोंदणी झालेली होती. अध्यक्षबाईंच्या घराच्या पत्त्यावर, १४ अंकी नंबरासह. पण तो नंबर घरात फ्रेममध्ये लावलेला, पाकिटावर नाही. पाकिटावर गटाचं नाव, “शुद्ध घरगुती हळद” आणि एक मोबाइल नंबर, बस. पाकिटावर काय असायला हवं होतं, ते हळदीच्या अर्ध्या किलोवरून बघू. मालाचं नाव, घटक, निव्वळ वजन ५०० ग्रॅम, भरल्याचा महिना आणि वर्ष, कधीपर्यंत वापरावं, बॅच नंबर, भरणाऱ्याचा पूर्ण पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, चौकटीतला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) चिन्हाबरोबर तो १४ अंकी नंबर. शिवाय प्रति ग्रॅम दर. पाकीट १६० रुपयांचं असेल तर प्रति ग्रॅम ०.३२ रुपये. चटणीचं पाव किलो १५० रुपयांना, म्हणजे प्रति ग्रॅम ०.६० रुपये. हा दर छापायचा असतो हे दुकानदारांनाही उशिरा कळलं, बचत गटांची तर गोष्टच सोडा.

आणखी एक नोंदणी सगळ्यांकडून राहते. जो कुणी माल पाकिटात भरून विकतो, त्याने भरायला सुरुवात केल्यापासून ९० दिवसांत वैध मापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नाव नोंदवायचं असतं. शुल्क ५०० रुपये. २०११ च्या पॅकेज नियमांतला हा २७ वा नियम. अन्न नोंदणी केली की झालं सगळं, असं समजून लोक इथे अडकतात. गट दोन वर्षं पाकिटं भरत होता आणि त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

रस्ता: प्रमाणपत्र माणसाला मिळतं, गटाला नाही

रस्त्यावरच्या विक्रीसाठी पथविक्रेता कायदा आहे, २०१४ चा. टोपली डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरणारी बाई त्यात “फिरता विक्रेता” म्हणून येते. कायद्याच्या व्याख्येतच “एका जागेवरून दुसऱ्या जागी फिरून” विकणं धरलेलं आहे. नगर पथविक्रेता समिती दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करते आणि त्यात नाव आलेल्याला विक्री प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळतं. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटेपर्यंत आधीपासून विकत असलेल्या विक्रेत्याला हटवू नये, असंही कायद्यात आहे. या गटाला त्याचा आधार नव्हता, कारण त्या रस्त्यावर त्या पहिल्यांदाच बसल्या होत्या.

दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही अर्ज करता येतो. कलम ४ मध्ये तशी सोय आहे, फक्त विक्री क्षेत्रात जागा शिल्लक असली पाहिजे. पण अर्जाच्या आधी कलम ५ नीट वाचायला हवं. अर्जदाराने लिहून द्यावं लागतं की धंदा मी स्वतः किंवा माझ्या घरचं माणूस करेल, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र मी कुणाला भाड्याने किंवा दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने देणार नाही. गटाच्या नावावर प्रमाणपत्र निघत नाही ते यामुळेच. चौघींपैकी दोघी शेतमजुरीला जात होत्या, एक अंगणवाडीत मदतनीस होती. त्यांनी हे लिहून देणं म्हणजे खोटं लिहून देणं. “सगळ्याच तसं लिहितात” असा सल्ला बाहेर सहज मिळतो, पण तो घेऊ नये. खोटी माहिती देऊन घेतलेलं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं आणि तेव्हा भांडायला काही उरत नाही.

जप्तीबद्दलही कायदा स्पष्ट आहे. माल उचलताना यादी करायची, त्यावर उचलणाऱ्याची सही आणि तिची प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत, बाकीचा कामकाजाच्या दोन दिवसांत, शुल्क भरून. या चौघींनी यादी मागितली नाही. आठवडाभराने डबा मागायला गेल्या तेव्हा तो कुठल्या गाडीत गेला, किती वाजता, कुणी उचलला, यातलं काहीच त्यांना सांगता आलं नाही. यादीचा एक कागद हातात असता तर तिसऱ्या दिवशी डबा घरी आला असता.

फाटक आणि जिना

सोसायटीची जागा खासगी आहे, आत कुणाला घ्यायचं हे ठरवण्याचा कमिटीला अधिकार आहे. ३०२ च्या रहिवाशाने बोलावलेल्या माणसाला तिच्या दारापर्यंत जाऊ देणं रास्त. पण ते बोलावणं त्या एका दाराचं. बाकीच्या बेल वाजवल्या तिथे बायका चुकल्या. बेल वाजवणं हा गुन्हा नाही. पण “निघा” म्हटल्यावर वाद घालत थांबलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ कडे, म्हणजे गुन्हेगारी अतिक्रमणाकडे, वाट जाते. त्रास द्यायच्या किंवा अपमान करायच्या हेतूने दुसऱ्याच्या जागेत थांबणं हाही अतिक्रमणाचाच भाग. त्या चौघींचा हेतू माल विकण्याचा होता, गुन्हा उभा राहिला नसता. पण हेतूचा खुलासा पोलिसांसमोर करायची वेळ विक्रेत्याने स्वतःवर आणू नये. नाही म्हटलं की खाली उतरायचं.

कमिटीची भीतीही खोटी नव्हती. दोन महिन्यांपूर्वी पलीकडच्या गल्लीत दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणत आलेल्यांनी एका आजींच्या पाटल्या हलक्या केल्या होत्या. ती तऱ्हा ठरलेली. आधी तांब्याचं भांडं फुकट चमकवून दाखवायचं, मग सोनं आम्लात बुडवून थोडं विरघळवायचं, वर हळदीचं पाणी घालून डबा बंद करायचा आणि “अर्ध्या तासाने उघडा” म्हणून निघून जायचं. त्यानंतर फाटकावर “विक्रेत्यांना सक्त मनाई” अशी पाटी लागली.

पण त्याच सोसायटीत पुढच्या रविवारी पाणी शुद्ध करायच्या यंत्राची पोरं टाय लावून आली आणि वॉचमनने त्यांना नुसत्या नावावर आत सोडलं. त्यांनी नळाच्या पाण्यात दोन सळ्यांचं उपकरण बुडवलं, पाणी तपकिरी झालं आणि दोन घरांतून आगाऊ रक्कम घेतली. ते पाणी घाण म्हणून तपकिरी होत नाही. विजेमुळे लोखंडाची सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. यंत्रातल्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज कमी वाहते आणि ते स्वच्छ दिसतं.

विक्रेत्यांचं जाळं उभारून थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ पासून ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम आहेत. ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा संमती याशिवाय अशा विक्रेत्याने घरी जायचंच नाही. बोलायला सुरुवात करतानाच आपण कोण, कंपनी कोणती, तिचा पत्ता काय, कशासाठी आलो हे सांगायचं. किंमत आणि माल परत करायच्या अटी आधी सांगायच्या, ऑर्डरचा कागद द्यायचा. बचत गट स्वतःचा माल स्वतः विकतो, तो या जाळ्यात येत नाही. ज्यांना हे नियम लागू होते त्यांना कुणी काही विचारलं नाही आणि ज्यांना नव्हते त्यांचा फोटो फिरला. कमिटीने कपड्यांवरून माणूस तोलू नये. ओळखपत्र, कोणत्या घराचं बोलावणं आणि फोनवरून त्या घराचा होकार, ही तीन उत्तरं प्रत्येकाकडून घ्यावीत. पैसे अडकलेल्या त्या दोन घरांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

फोटोबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण या साऱ्या प्रकरणात जिवावर बेतेल अशी गोष्ट तीच होती. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढ्याकडचे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यात, लवंग्याला, चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. अनोळखी बाईचा फोटो “संशयित” म्हणून पुढे ढकलणाऱ्याला तो पुढच्या गावात कुणाच्या हातात पडेल हे माहीत नसतं. शंका आली तर ११२ लावा, फोटो टाकू नका. ज्याने टाकला, त्याने त्याच ग्रुपवर खुलासाही टाकावा. सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी तो टाकायला लावला. या प्रकरणात कमिटीने केलेलं सर्वांत चांगलं काम तेच.

पिशवीतलं पावतीपुस्तक

एका बाईच्या पिशवीत गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराचं पावतीपुस्तकही होतं. हळद घेणाऱ्याला ती “अकरा रुपये द्या, वहिनी” म्हणत होती. मनात काही वाईट नव्हतं, पण इथे कायदाच बदलतो. माल विकणं आणि धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करणं ही दोन वेगळी कामं. नोंदणीकृत विश्वस्त संस्था नसताना वर्गणी किंवा देणगी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं दर वर्षी घेतात तीच. देऊळ समितीकडे ती नव्हती. पुस्तक त्याच दिवशी समितीला परत केलं, ते योग्यच झालं. विक्रीच्या पिशवीत पावतीपुस्तक असूच नये. अख्ख्या गटावर संशय यायला ते एक पुस्तक पुरतं.

पुढचे सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात गटाने डब्यातून सुटी पूड विकणं बंद केलं. नमुन्यासाठी प्रत्येक फेरीला एक पाकीट फोडायचं, ते विकायचं नाही. रंग-वास त्यातून बघू द्यायचा. सोबत एक पसा हळकुंडं, हवी तर सुटी विकता येतील अशी. पडताळणी केलेला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि त्याचं प्रमाणपत्र फाइलला लावलं. घरातली उरलेली ६० पाकिटं पुन्हा तोलली. त्यातली ७ पाकिटं ५ ते १२ ग्रॅमने कमी भरली. घरगुती काट्याचा दोष, पण भुर्दंड गिऱ्हाइकाला. ती फोडून पुन्हा भरली.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज आणि नवी लेबलं. पहिल्या छपाईत प्रति ग्रॅम दर राहिला, ५०० लेबलं वाया गेली. छापखान्यात देण्याआधी एक नमुना कागदावर काढून वरच्या यादीशी शब्दन्‌शब्द ताडून घ्यायला हवा होता.

चौथ्या आठवड्यात विक्री प्रमाणपत्राचा अर्ज. ज्या एकीला विक्रीशिवाय दुसरी मिळकत नव्हती, फक्त तिच्या नावावर. तिच्यासाठी पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांच्या कर्ज योजनेच्या शिफारसपत्राचीही मागणी केली. शहराच्या हद्दीत विकणाऱ्या आसपासच्या गावांतल्या विक्रेत्यांनाही ती योजना धरते, त्यामुळे माधवनगरचा पत्ता आड येत नाही. बाकीच्या तिघी दळणं, भरणं आणि बोलावणं आलेल्या घरी पोचवणं यावर आल्या. बोलावलेल्या घरी मागणीचा माल देणं हे रस्त्यावरचं दुकान नव्हे, फक्त वाटेत पिशवी उघडायची नाही.

सोसायट्यांसाठी एकपानी अर्ज तयार केला: गटाचं नाव, येणाऱ्या दोघींची नावं, ओळखपत्रांच्या प्रती, तारीख, वेळ अकरा ते एक, पार्किंगमध्ये एक टेबल, वर कुणी जाणार नाही. त्याची एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घेतली. ती परवानगी नाही आणि तशी कुणाला दाखवायचीही नाही. पण ११२ वर पुन्हा फोन गेला तर आलेल्या पोलिसाला नावं शोधत बसावं लागत नाही.

सहाव्या आठवड्यात पाचपैकी दोन सोसायट्यांनी होकार दिला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. पाचवी तीच, मे महिन्यातली. तिने वार बदलून मागितला, कारण शनिवारी पार्किंग भरलेलं असतं. ३०२ च्या वहिनींनी त्याआधीच चार पाकिटांची मागणी नोंदवली होती. विक्री प्रमाणपत्राचा अर्ज अजून समितीपुढे आहे. पोचपावतीचा नंबर पिशवीच्या आतल्या कप्प्यात, ओळखपत्राच्या मागे ठेवलेला असतो.